घरच्या माणसाला सांगावा

१२ एप्रिल

माझी खोली आजपासून रेशमाच्या किड्यांची. सुनेनं, मुकद्दसनं, सकाळी दोन खोकी आणली. आत काळे ठिपके वळवळत होते, तिळाएवढे. भिंतींना चुना दिला, शेगडी पेटवली, माझी खाट पडवीत काढली.

"बाबा, महिन्याभराचाच प्रश्न आहे. आत जोरात बोलायचं नाही, खोकायचं नाही. आवाजानं ते खाणं सोडतात."

मी म्हटलं, चाळीस वर्षं लोकांनी तिकीट काढून हा आवाज ऐकलाय.

"किड्यांनी नाही काढलं," ती म्हणाली.

बरी उत्तरं देते. कोकंदची आहे, तिकडची माणसं हजरजबाबी.

१४ एप्रिल

ताश्कंदहून टीव्हीचा माणूस आला. नोदिरबेक. टोकदार बूट, दोन फोन. २० मेला मला ऐंशी पूर्ण होतात, त्याचा समारंभ करायचा म्हणे. सकाळी सगळ्या मोहल्ल्याला पुलाव, संध्याकाळी सभागृह, अंगावर नवा झगा, चित्रीकरण.

"उस्ताद, बाकी काय वाटेल ते करा. पाटकरी मात्र हवाच. पाटकऱ्याशिवाय तुम्ही म्हणजे..." पुढचं त्यानं चहाबरोबर गिळलं. मला ऐकू आलं.

पाटकरी म्हणजे माझं प्रहसन. सगळा देश ओळखतो. पाटाचं दार बंद करायला सांगायचं असतं, पण 'बंद' हा शब्द पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या तोंडून सुटत नाही. तोवर शेजाऱ्याचा कापूस पाण्यात, मग त्याची कोंबडी, मग सामुदायिक शेतीच्या अध्यक्षाची मोटार. सहा मिनिटं. लोक रस्त्यात मला हैदरअली म्हणत नाहीत. "ब-ब-ब!" म्हणतात. बायकोच्या मयतातून परत येताना एक बसवाला असंच म्हणाला. त्याला ठाऊक नव्हतं. मी हात वर केला.

ते अडखळणं माझं नाही. तोख्तासिनचं आहे.

१५ एप्रिल

शाळेतली कविता दिवसभर डोक्यात.
तुतीच्या झाडा, सावली धर —
वाटसरू दिसतो दूरवर.
पुढच्या दोन ओळी गेल्या. सकाळी मुकद्दस तुतीच्या फांद्या तोडत होती, तिला विचारलं. तिच्या पुस्तकात ही कविताच नव्हती.

१९ एप्रिल

किडे आता नखाएवढे झालेत. दाराला कान लावला तर आत पानं कुरतडल्याची सरसर. पडद्यामागून असंच ऐकू यायचं — लोक येतायत, बसतायत, अजून कुणी हसलेलं नाही.

तोख्तासिन आणि मी एका बाकावरचे. त्याच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून याचं नाव तोख्तासिन ठेवलं. म्हणजे, हा तरी थांबो. थांबला. बोलताना मात्र शब्दाशब्दाला थांबायचा. फक्त कविता म्हणताना नाही. आमच्या बाई त्याला फळ्याजवळ उभं करायच्या आणि तो पाटाच्या पाण्यासारखा सरळ वाहत जायचा. मला हेवा वाटायचा. मला कविता आवडायच्या, पण मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. पुढं त्या हसण्यावरच माझं पोट भरलं.

आमच्या संचात तो डफ वाजवायचा. कापसाच्या शेतांवर, ट्रकच्या फळीवर, लग्नांत. तेवीस वर्षं. शब्द अडला की दोन बोटं गुडघ्यावर वाजवायचा, मग शब्द यायचा. मी ते उचललं, टीव्हीवर गेलो, नाव झालं. मग पदक, मग व्होडका. व्होडकाची दहा वर्षं मला नीट आठवत नाहीत. बायकोला, अदोलतला, आठवायची. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, आणि आता विचारायची सोय नाही.

पाटकरी टीव्हीवर आला त्याच्या पुढच्या वर्षी मुलाचं लग्न केलं. तोख्तासिन आला नाही. मी समजून गेलो. ज्याचं तोतरेपण मी देशभर विकलं, तो कशाला येईल?

त्याला एकतीस वर्षं झाली. त्याचं घर पाटापलीकडे, चार गल्ल्या. भेटतो ते मयतालाच. लग्नाकार्याला सांगावा आल्याशिवाय कुणी जात नाही, पण मयताला सांगाव्याची वाट कुणी बघत नाही. अदोलत गेली तेव्हा तो आला होता. मी रिवाजाप्रमाणे कमरेला रुमाल बांधून, काठी टेकून दाराशी घरच्या पुरुषांत. तो पाहुण्यांच्या रांगेत. खांदा दिला, गेला.

२३ एप्रिल

मुकद्दस पुलावाची यादी करत बसली. कुणाच्या दारी सांगावा द्यायचा, कुणी जायचं. मुलगा रशियात कामाला, म्हणून सगळं तीच बघते.

"तोख्तासिनकाका?"

"तो येणार नाही."

"ते मी विचारलं नाही. सांगायला कोण जाणार, ते विचारलं."

ती लिहीत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "त्यांना दवाखान्यातून घरी पाठवलंय, बाबा. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, आता घरचं खाऊ दे."

२४ एप्रिल

पाटापर्यंत गेलो. परत आलो.

२७ एप्रिल

पुन्हा तेच. आज पुलावर एक म्हातारी भेटली, म्हणाली, "ब-ब-ब, तब्येत कशी?" चांगली आहे म्हटलं.

२ मे

आज पाट ओलांडला.

सआदत वहिनींनी दार उघडलं. बघत राहिल्या. "या भावजी. रस्ता सापडला वाटतं."

तोख्तासिन अंगणातल्या खाटेवर उशांना टेकून. खूप लहान झालाय. डफ भिंतीवर खुंटीला, कातडं सैल पडलेलं. मी उभ्यानंच सांगून टाकलं, संवाद विसरायच्या आत बोलून टाकावा तसं — वीस तारखेला सकाळी माझ्याकडे पुलाव आहे, सांगावा द्यायला आलोय.

तो बोलला नाही. वाटलं, शब्द अडलाय. पण बोटं गुडघ्यावर स्वस्थ होती.

"ए-एकतीस वर्षं लागली तुझ्या सांगाव्याला."

"तू चिडला होतास. पाटकऱ्यावरून."

"पाटकऱ्यावरून?" तो हसायला लागला, हसता हसता पोट धरलं. वहिनींनी पाठीमागची उशी सारखी केली. "तो तू वाईट करायचास, हैदर. अडलो की मी बोटं वाजवतो. तू डोळे फिरवायचास. डोळे क-कशाला?"

"लोक हसायचे."

"हसू देत. ही पण हसते मला. त्यावरून कोण रुसून बसतं? तू मला ल-लग्नाला सांगितलं नाहीस."

"घरच्या माणसाला कुणी सांगावा धाडतं का? मला वाटलं, तू आदल्या दिवसापासूनच कढईपाशी असशील. सगळ्यांना विचारत होतो, तोख्तासिन कुठाय, तोख्तासिन कुठाय."

त्यानं बोटं वाजवली. दोनदा.

"तुझे सांगावे वाटणारा उमरअली शेजारच्या दारी सांगून गेला. माझं दार टाळून पुढं. मला वाटलं, आता हा टीव्हीवर दिसतो. तो-तोतऱ्याला पंगतीत कशाला बसवेल?"

"नवा झगा घालून बसले होते," वहिनी म्हणाल्या. "दुपारपर्यंत. मी म्हटलं, उठा, जा. तर म्हणे, न सांगता कसा जाऊ?" त्यांनी माझ्या पेल्यातला गार चहा अंगणात फेकला, गरम ओतला. "दोन गाढवं. एक अलीकडं, एक पलीकडं. मधे गुडघाभर पाणी."

नान मोडून समोर ठेवलेला होता, तो खाल्ला. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी कवितेचं विचारलं, पुढच्या दोन ओळींचं. त्यानं डोळे मिटले. एकदाही न अडता म्हणाला —

हाक न देता येईल तो आत,
नान मोडून ठेवा हातात.

निघताना त्याला म्हटलं, मग येशील ना? म्हणाला, "सांगावा आलाय. आता ना-नाही कसं म्हणू?"

३ मे

लग्नाच्या वर्षीची वही शोधली. ट्रंकेच्या तळाशी होती. माझंच अक्षर, तेव्हा जरा ठसठशीत: 'उमरअली यादी घेऊन आला. म्हणाला, उस्ताद, यात तोख्तासिन राहिला. मी म्हटलं, अरे मूर्खा, तुझ्या यादीत माझंही नाव नाही, मग मलाही सांगून ये! खूप हसलो दोघं.'

पुढच्या पानावर वऱ्हाडाचं वर्णन. दीड पान. काय शब्द वापरलेत! वसंताची स्वारी, मोत्यांची झालर वगैरे.

त्याचं अडखळणं त्याला न विचारता उचललं, हे मात्र या वहीत कुठंच नाही.

७ मे

रोज जातो. आज तो म्हणाला, "तुझ्या त्या समारंभात पाटकरी मी करतो."

"आणि मी?"

"तू पाणी हो."

वहिनी दारातून म्हणाल्या, "बरंय. आयुष्यभर हेच केलंत भावजी, दिसेल त्या शेतात शिरलात."

तालीम केली. तो खाटेवर बसून दोन बोटं वर धरतो, 'बंद'पाशी थांबतो, आणि मी अंगणभर वाहतो. कोंबड्यांकडे, तंदूरकडे, वहिनींच्या वाळवणाकडे. तो डोळे फिरवत नाही. नुसता बघतो. पाण्याकडे, शब्दाची वाट बघत, जणू दोन्ही एकाच वाटेनं येणार आहेत. त्याचा मोठा मुलगा कामावरून आला, तो तंदूराशी उभा राहून हसला, आणि मग हसायचा थांबला.

इतकी वर्षं मी हे चुकीचं केलं. तो बरोबर म्हणतो.

११ मे

खोलीत सामसूम. मुकद्दसला वाटलं किडे मेले. नव्हते मेले. खाणं संपवून फांद्यांवर चढलेत, विणायला बसलेत. आता बोललं तरी चालतं म्हणाली.

१३ मे

नोदिरबेकचा फोन. कार्यक्रम बदललाय म्हटलं, पाटकरी दुसरा माणूस करणार.

"कोण? ओळखतील लोक?"

"आवाजावरून ओळखतील."

"आणि उस्ताद, तुम्ही?"

"मी पाणी."

मग म्हणाला, "पाण्याला माइक लागेल का?"

पहिल्यांदा आवडला मला तो पोरगा.

१५ मे

तोख्तासिन आज बसू शकला नाही. आडवाच राहून दोन बोटं वर धरली. मी वाहिलो. 'बंद' आलाच नाही, तसाच डोळा लागला त्याचा. मी तंदूरपाशी थांबलो होतो, तिथंच थांबून राहिलो. मग वहिनींनी हातानं खूण केली, बसा आता.

झगा काढून ठेवलाय म्हणाल्या. तोच, एकतीस वर्षांपूर्वीचा. एकदाच घातलेला.

१८ मे

पहाटे पाटापलीकडून पुरुषांचं रडणं ऐकू आलं. झगा चढवला, कमरेला रुमाल आवळला, काठी घेतली. पाहुण्यांच्या रांगेत गेलो नाही. दाराशी, त्याच्या मुलांच्या शेजारी उभा राहिलो. मोठा जरा सरकला, मला जागा केली.

सांगावा आला नव्हता.