घाट उतरण्यापूर्वी केलेली पान्यांची वाटणी

मी, ज्याला वर्कशॉपमध्ये सगळे 'मीटर' म्हणतात (कारण मी प्रत्येक गोष्ट दोनदा मोजतो), वय सव्वीस, अविवाहित, असे लिहून ठेवतो की आज माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त झोप कमी झाली आहे, आणि माझे डोके ठिकाणावर आहे. या वाक्याच्या शेवटच्या भागाशी माझे मामा सहमत नाहीत. मला कोणी धमकावलेले, फूस लावलेली किंवा काही पाजलेले नाही. उलट हे लिहू नकोस असेच सगळ्यांनी सांगितले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

माझी शाळा नववीत सुटली. शब्दकोश शेजारी ठेवून लिहीत आहे. तरी काही चुकले असेल तर अर्थ चांगला लावावा.

हे का लिहावे लागले ते आधी सांगतो. मामांच्या वर्कशॉपमध्ये एकाच कंपनीच्या गाड्या येतात. ती कंपनी माझ्या जन्माआधीच बंद पडली. तिच्या बिल्ल्यावर एक पक्षी आहे. कंपनीच्या मते तो गरुड होता, पण त्याचे पाय इतके काटकुळे काढले आहेत की लोक या गाडीला पहिल्यापासून टिटवी म्हणतात. टिटवीचे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत. जे मिळत नाही ते आम्ही घडवतो, नाहीतर दुसऱ्या गाडीचे आणून तिला जुळवतो.

मामांचा एक नियम आहे. ज्याने ब्रेकला हात लावला त्यानेच ती गाडी पहिल्यांदा घाटातून खाली आणायची, आणि एकट्याने आणायची. "चूक एकाची, तर गाडीत माणूसही एकच," असे ते म्हणतात. निघताना आपले पाने कोणाला, ते बोलून जायचे. हा दुसरा भाग गमतीचा आहे. बाकीचे कारागीर "माझे पाने टिटवीला" असे काहीतरी ओरडतात आणि गाडी बाहेर काढतात. मला ते जमत नाही. तोंडी बोललेले पुढे कोण मानणार? उद्या सकाळी मला पहिल्यांदाच असा घाट उतरायचा आहे, म्हणून आज लिहून मोकळा होतो.

कलम १. पाने आणि हत्यारे.
माझे सगळे पाने, कानशी आणि पकडी वर्कशॉपच्याच भिंतीवर राहाव्यात. प्रत्येकाच्या मागे मी त्याची आकृती रंगवली आहे. वापरून झाल्यावर ज्याचे त्याच्या आकृतीवर टांगावे. बारा नंबरच्या जागी तेरा टांगल्यास मी मेलो असलो तरी मला कळेल, असे समजून वागावे. टॉर्क पाना, म्हणजे नट किती आवळला ते दाखवणारा पाना, कोणीही हातोड्यासारखा वापरू नये. तो नवीन घेताना मी एक हिवाळा जुन्या कोटात काढला आहे.

कलम २. ताई.
आई-वडिलांच्या मागे मला ताईने वाढवले. बँकेत जे असेल ते तिचे. माझ्या खोलीतले कपाट, पंखा आणि शिलाई मशीनही तिचेच. मशीन मुळात तिचेच होते, मी सीटची कव्हरे शिवायला आणले आणि परत केले नाही. ताईला उद्याचे काही सांगितलेले नाही. "शनिवारी जेवायला येणार ना?" असे तिने विचारले, तेव्हा मी "बघतो" म्हणालो. ती म्हणाली, "बघतो काय? तू गाड्या बघतोस, माणसं कधी बघणार?" तिने रडू नये. रडायचेच असेल तर दाजींसमोर रडू नये, ते लगेच सल्ला देतात.

कलम ३. दाजी.
ताईचे यजमान मला आठ वर्षे 'भंगारवाला' म्हणत आले आहेत. दोन्ही घरच्या सोयरिकीत माझी ओळख ते "हा आमचा मेव्हणा, मेलेल्या गाड्यांना शिरा भरवतो" अशी करून देतात. मी दुरुस्त केलेल्या पहिल्या टिटवीचा हॉर्न ऐकून ते म्हणाले होते की याने फार तर शेळी घाबरेल. तो हॉर्न मी जपून ठेवला आहे, तो दाजींना देत आहे. तो त्यांच्या नव्या गाडीला बसवून द्यावा. बसवण्याची मजुरी घेऊ नये. त्यांच्या मागे इतके दिवस जे पुटपुटलो ते सगळे या कलमाने फिटले असे मी जाहीर करतो.

कलम ४. उद्याची गाडी.
ही गाडी माझी नाही, म्हणून ती कोणालाही देता येत नाही. ती सुईणबाईंची आहे. आसपासच्या वस्त्यांवर बाळंतपणे करायला त्या हयातभर याच फिकट हिरव्या टिटवीतून गेल्या. माझ्या जन्माच्या वेळीही ती दारात उभी होती, असे ताई सांगते. आता बाईंचे गुडघे गेले आहेत. टिटवीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम-ब्रेक असतात आणि पेडल दाबायला पैलवान लागतो. मध्यंतरी गाडी चौकात थांबता थांबता भाजीच्या हातगाडीला टेकली. कोणाला लागले नाही, पण बाईंचा मुलगा म्हणाला, "आई, तुला थांबवता येत असेल तरच चालव. नाहीतर या महिन्यात भंगारात देतो." बाई आमच्याकडे आल्या आणि खुर्चीवर बसून म्हणाल्या, "मला पळवायला नको रे. थांबवायला शिकव तिला."

मी पुढच्या दोन चाकांना एका नव्या छोट्या गाडीचे डिस्क-ब्रेक बसवले. पेडल हलके करणारा बूस्टर लावला. डिस्क टिटवीच्या चाकावर सरळ बसत नाही, मध्ये पोलादी ब्रॅकेट लागते. ते मी कागदावर काढले, कापले, तीनदा बाद केले, आणि चौथे शेजारच्या लेथवाल्याने करून दिले. आता बाईंच्या पायानेच नव्हे, हाताच्या पंज्यानेही पेडल दाबले जाते. सपाट रस्त्यावर गाडी सरळ रेषेत थांबते. पण सपाट रस्ता म्हणजे घाट नव्हे. उतारावर दर वळणाला ब्रेक तापत जातो, आणि तापलेल्या लोखंडाचे खरे रूप तेव्हाच कळते. गाडी नीट खाली आली तर सोमवारी बाई ती चालवत घरी नेणार आहेत. नाही आली तर त्यांचा मुलगा म्हणतो ते खरे.

कलम ५. माझ्या मृत्यूचे कारण.
हे वेगवेगळे धरावे. दरड पडल्याने, समोरच्या ट्रकमुळे किंवा झोप लागल्यामुळे मेलो, तर दोष ब्रेकचा नाही. गाडी दुरुस्त करावी आणि डिस्क काढू नयेत. ब्रॅकेटचा नमुना लेथवाल्याकडे आहे. ब्रेकमुळेच मेलो, तर कोणता भाग गेला ते उघडून बघावे, तेवढाच सुधारावा आणि पुन्हा डिस्कच बसवाव्यात. दोन्ही प्रसंगी पुढच्या चाकांना ड्रम परत बसवण्यास माझी सक्त मनाई आहे. मामांना "मी सांगितलं होतं" असे एकदाच म्हणण्याची मुभा आहे. ते ताईसमोर म्हणू नये.

कलम ६. मामा.
माझ्या आईचे हे सख्खे भाऊ. मला जे येते ते यांच्या हाताखाली आले. कार्बोरेटर कानाने लावायला त्यांनी शिकवले, आणि चूक झाली तर ती पुसण्याआधी नीट बघायला. आमचे भांडण एकाच गोष्टीचे आहे. मामांच्या मते टिटवी जशी कारखान्यातून निघाली तशीच राहावी. "म्हाताऱ्या माणसाला नवे दात बसवलेस म्हणून तो ऊस खाणार आहे का?" असे ते माझ्या प्रत्येक सुधारणेला विचारतात. मी म्हणतो, ऊस नाही, पण भाकरी तरी खाईल. यावर ते म्हणतात, "तुझी जीभसुद्धा कारखान्यात बनलेली नाही, नंतर बसवलेली आहे."

मी नवे काही बसवलेल्या एकाही गाडीत मामा आजवर बसलेले नाहीत. दारापर्यंत येतात, टायरला लाथ मारतात, आणि पावसातसुद्धा पायी घरी जातात. याचे मला फार लागते. हे मी तोंडाने कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

मामांना या कागदाने काहीही मिळत नाही. राग मानू नये. दस्त टाइप करणाऱ्या गृहस्थांनी मला सांगितले आहे की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे मिळायचे बुडते. मामांना एखादी वस्तू देण्यापेक्षा मला त्यांची सही जास्त हवी आहे. या कागदावर ब्रेकचे सगळे काम लिहिले आहे. त्याखाली त्यांची सही असावी, एवढीच इच्छा.

पहिला साक्षीदार : ~~माझे मामा, वर्कशॉपचे मालक~~

वरची ओळ मी खोडली आहे. खोडल्याच्या शेजारी माझी छोटी सही आहे. कारण खाली देतो, म्हणजे पुढे कोणी शंका घेणार नाही.

दुपारी मी कागद मामांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि शांतपणे वाचले. पाचव्या कलमाशी थांबले. मग सहावे वाचले. मग उठून हात धुवायला गेले, खरे तर हात स्वच्छ होते. परत येऊन म्हणाले, "मी सही करणार नाही."

मी विचारले, "का?"

"साक्षीदार कशाला असतो?"

"मी मेल्यावर ही सही माझीच आहे असं सांगायला."

"म्हणजे तो तुझ्यामागे जिवंत पाहिजे."

"हो."

"मग दुसरा बघ. मी उद्या तुझ्या शेजारी बसणार आहे."

मी म्हणालो, "मामा, नियम तुमचाच आहे. गाडीत माणूस एक."

"चूक एकाची, तर माणूस एक. या गाडीत काम दोघांचं आहे. पुढचं तुझं, मागचे ड्रम माझ्या हातचे. हँडब्रेक कुठल्या चाकांवर चालतो?"

"मागच्या."

"मग? तू पेडल सांभाळ, मी हँडब्रेकवर हात ठेवून बसतो. तुझं पुढचं फसलं तर माझं मागचं आहे."

"म्हणजे तुमचा माझ्या ब्रेकवर भरवसा नाही."

मामांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "भरवसा नसता तर मी पाने वाटून आलो असतो," ते म्हणाले. "मला वाटण्यासारखं काही सुचलंच नाही." मग कागद माझ्याकडे सरकवून, "सकाळी लवकर निघू. ताईकडे जेवायला वेळेत पोचलं पाहिजे. मी तिला कळवलंय, दोघं येतो म्हणून."

तेव्हा पुढील दुरुस्त्या करतो.

मामा आता साक्षीदार नसल्यामुळे त्यांना काही देता येते. टॉर्क पाना मी मामांना देत आहे. ते शेजारच्या सीटवर असताना त्याचा उपयोग काय, हा प्रश्न मला पडला आहे. तरी कलम राहू द्यावे.

लेथवाल्याला माझा रेडिओ देण्याचे मनात होते, पण साक्षीदार कमी पडला. सही की रेडिओ, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "ब्रॅकेट माझं आहे, त्यावर माझा जीव टांगलेला आहेच. आण, सही करतो. रेडिओ तसाही खरखरतो." रेडिओ ताईकडे जावा.

दुसऱ्या साक्षीला सुईणबाई तयार झाल्या. या कागदाने त्यांना काही मिळत नाही, कारण गाडी त्यांचीच आहे. त्या म्हणाल्या की जन्माच्या दाखल्यांवर त्यांनी मोप सह्या केल्या, असल्या कागदावर ही पहिलीच. "मी आणलेल्या पोराने मला न विचारता जायचं नाही," असेही म्हणाल्या. हे इथे लिहायला त्यांनी सांगितले.

हा कागद मी गाडीत ठेवत नाही. तो सुईणबाईंकडे राहील. सोमवारी गाडी न्यायला येतील तेव्हा तो मला परत देणार आहेत, असे त्यांनी कबूल केले आहे. त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायला नवी उशी शिवून आणली आहे. मी तिची जाडी मोजली. पेडलपर्यंत पाय बरोबर पोचतो.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही : मीटर

साक्षीदार पहिला : शेजारचा लेथवाला (ब्रॅकेट माझे)
साक्षीदार दुसरी : सुईणबाई (गाडी माझी)

स्थळ : मामांचे वर्कशॉप, टिटवीचे बॉनेट बंद करून त्यावर कागद ठेवून
तारीख : दहा जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळ

साक्षीदार नाही, पण वाचले आणि मान्य आहे. ड्रमबद्दलचे सोडून. — मामा