दीड तारा

शनिवार, २ नोव्हेंबर, दुपारी ४
आजही कोणी आलं नाही. सलग नववा शनिवार. टेबल पुसून पाच खुर्च्या मांडल्या होत्या. मोहीम बंद पडलेली नाही, ब्रेक आहे. अकरा वर्षं मी गोष्ट सांगतोय आणि चौघं त्यातली पात्रं होऊन फासे टाकतायत. असा खेळ नऊ आठवड्यांत मरत नसतो. डेंटिस्टला पेशंट, ग्रंथपालबाईंना पुस्तकांची मोजणी, मेहुण्याला कंबरदुखी. ही माहेरी गेली आहे. हल्ली शनिवारी तिला आईची आठवण येते.

मागच्या वेळी मी एका दाराचं वर्णन पस्तीस मिनिटं केलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. दार महत्त्वाचं होतं.

रविवार, ३ नोव्हेंबर
संकल्प. या खेळासाठी हौशी लोक पुरवण्या लिहून साइटवर टाकतात. नकाशे, गावं, राक्षस. रोज एक वाचून रिव्ह्यू लिहायचा. त्यातली उत्तम निवडली की चौघं धावत येतील.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
सात रिव्ह्यू झाले, रोज एकावर भागेना. सगळ्या पुरवण्या नापास. ऑफिसात लिफ्ट तपासतो तोच फॉर्म वापरला: दोष, शेरा, सही. 'आंधळ्या राणीचं गाव' मध्ये राणीला पान बारावर दिसतं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
'खारं बेट' वाचलं. लेखकाचं टोपणनाव 'कंबरतोड'. लोक काहीही नावं घेतात. यात गोष्ट सांगणाऱ्याला कामच नाही. खेळाडू वाटेल ते करतात, तो बघत बसतो. शिवाय बेटावर एक दीपगृहवाला आहे, येईल त्याला धरून तासभर बोलतो. अशी माणसं नसतात. दीड तारा.

रविवार, १० नोव्हेंबर
कंबरतोडने खाली विचारलंय, सर, खेळून पाहिलंत का? उद्धट. सत्तावीस ओळींचं उत्तर दिलं. शितावरून भाताची परीक्षा होते, अख्खं पातेलं संपवावं लागत नाही. त्याखाली तिसऱ्याच कोणीतरी विचारलं, लिफ्टपण न बसताच पास करता का. प्रोफाइलमध्ये व्यवसाय लिहायला नको होता.

बुधवार, १३ नोव्हेंबर
कंबरतोडचं उत्तर. आम्ही दहा शनिवार खेळलो, मजा आली. सोबत फोटो.

सासऱ्यांच्या घरचं टेबल. मेहुणा कमरेला पट्टा बांधून मध्ये बसलाय. डेंटिस्ट आ वासून हसतोय. ग्रंथपालबाई उभ्या राहून फासे टाकतायत. आणि ही. टेबलावर अर्धी ओणवी झालीये. आमच्याकडे तिने कधी पाठ खुर्चीवरून उचलली नाही.

काही वाटलं नाही. फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. चहावर साय धरली होती. वाईट वाटलं असावं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
हिला विचारलं. खोटं बोलले नाही म्हणाली, माहेरीच जात होते. ते खरं आहे. म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तूच चालवायला घेतलं असतंस. नसतं घेतलं. सुरुवातीला थोडं मार्गदर्शन केलं असतं, इतकंच. मग म्हणाली, येतोस का, पण खेळाडू म्हणून. बघतो म्हणालो.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
ठरलं. जायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. तासाभरात त्यांनाच कळेल काय कमी आहे, मग आग्रह करतील. एकदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा हो. नियमांच्या तीन वह्या पिशवीत भरल्या.

शनिवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
वह्या हिने गाडीतच ठेवायला लावल्या. सासूबाईंनी माझ्यासाठी बाल्कनीतून पाचवी खुर्ची आणली. मेहुणा म्हणाला, बोट बेटाला लागलीये, धुकं आहे. झालं वर्णन. डेंटिस्टने लगेच उडी मारली. ही दोर घेऊन त्याच्यामागे. ग्रंथपालबाईंनी कंदील पेटवला.

मग मेहुणा माझ्याकडे वळला. भावोजी, तुम्ही काय करता?

अकरा वर्षं हा प्रश्न मी विचारतोय. मला कोणी विचारला नव्हता. सगळे थांबले होते, कोणालाच घाई नव्हती. मी पुष्कळ विचार केला. धुकं दिसत होतं, बोट दिसत होती, त्यात मी काही दिसेना.

बोटीतच थांबतो, म्हणालो.

कोणी हसलं नाही. बरं, म्हणाला मेहुणा, आणि बाकीचे तिघं बेटावर गेले.