खंडेनवमीची जाड काच

थेरगाव, सोमवार

चि. कोंडाजी,

ती काच होती का देवळाची पायरी? तुझ्या दुकानातल्या त्या तुकड्यापायी आख्ख्या कंपनीत माझ्या नावानं शिमगा चाललाय, आणि तू तिकडं राजगुरुनगरात लोकांच्या फोटोंना फ्रेमी घालत निवांत बसलायस. शालनची कंबर बरी का? पोरांचा खोकला गेला का? (कळव. नाही कळवलंस तरी काचेचं कळवच.) आशीर्वाद आहेतच, राग उतरला की पोचतील.

आमच्यात ते नवं भोकं पाडायचं मशीन आलंय ना, त्याला एक डोळा आहे. डोळ्यातनं उजेड निघतो, लोखंडाच्या ठोकळ्यावर पडून माघारी येतो, आणि त्यावरनं ठोकळा किती लांब आहे ते मशीन आपलं आपण ओळखतं. (आमच्या ह्यांना पंचवीस वर्षांत समोरची चटणीची वाटी ओळखता आली नाही.) गेल्या खंडेनवमीला बबनराव फोरमननं भक्तीच्या भरात नारळ मशीनच्या अंगावरच फोडला. पाणी गेलं डोळ्यात, चार दिवस मशीन आंधळं. म्हणून यंदा साहेबानं हुकूम काढला, पूजेआधी डोळ्यावर काच बसवा. पूजेपुरतं फडकं बांधावं हे एवढ्या शिकलेल्यांत कुणाला सुचलं नाही. मी झाडूवाली, पण भाऊ काचवाला, म्हणून काम माझ्या गळ्यात.

पूजा झकास झाली. हळद, कुंकू, झेंडू, पेढे, सगळं मशीनला मिळालं. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर चालू केलं तर भोकं अर्ध्यातच! ठोकळा होता तिथंच, पण मशीनला वाटतंय तो जवळ आलाय, म्हणून पुरतं खाली जायच्या आधीच थांबतंय. दुपारपर्यंत दोनशे ठोकळे भंगारात. बबनराव लगेच म्हणाले, मंजुळाबाईनं काच पुसताना डोळा हलवला. (नारळ कुणी आपटला होता, ते विसरले.)

इब्राहिम मिस्त्री तेवढा शहाणा. त्यानं वाटीत किल्ली टाकली, वरनं पाणी ओतलं, म्हणाला, "बघा ताई, किल्ली वर आली का?" आलीच की! "जाड काचेचं बी असंच. ठोकळा जवळ दिसतो. वर थोडा उजेड काचेवरनंच माघारी फिरतो, डोळा आणखी गोंधळतो. बारीक काच लावा, डोळ्याला चिकटून, आणि माप नव्यानं धरा." वाटी घेऊन आम्ही साहेबाकडं गेलो. साहेब म्हणाला, वाटी कँटीनमध्ये ठेवून या.

शनिवारी कायम होणाऱ्यांची यादी लागणार. सात वर्षं टेंपररी म्हणून झाडतेय मी, आणि बबनराव माझ्या नावावर काट मारायला पेन उघडून बसलेत. तू यायचं आणि साहेबाला तोंडावर सांगायचं, काच जाड होती, चूक दुकानदाराची, बाईची नाही. तुझं काय जातंय? तुला कुठं कायम व्हायचंय?

तुझी,
मंजुळाक्का

ता. क. : तू आधी बारीक काचच काढली होतीस, हे मला आठवतंय. "पापड आहे का हा, फुटेल की" म्हणून मीच तुझ्यावर ओरडले आणि शोकेसची जाड कापून घेतली, तेही आठवतंय. साहेबाला एवढं ऐकवायची गरज नाही.

आणखी ता. क. : ती बारीक काच विकली नसशील तर कागदात गुंडाळून आण. शुक्रवारी सकाळच्या शिफ्टला गेटवर मला उत्तर पाहिजे. टपालानं धाडू नकोस, पायानं आण.