अननसाचा नंबर

१ मार्च
आजपासून घराचा कारभार माझ्या हातात. म्हणजे स्वयंपाकघराचा. बाकीचा आहेच, असं मी धरून चालतो.

झालं असं की लेकीला नोकरी लागली. परगावी. तीस तारखेला जाणार. आता महिनाभर रोज तिच्या आवडीचं काहीतरी विकत आणायचं, असा हिचा बेत. मी स्पष्ट नकार दिला. लाडावून पाठवली तर तिथे एकटी कशी निभावणार? घरात आहे त्यात घर कसं चालवतात, हे बापाकडून शिकून जाऊ दे. आणि महिनाभर रोज रात्री तिघांनी एका टेबलाशी बसून जेवायचं. पुढे कधी जमेल कोण जाणे. एवढं बोलताना माझा आवाज बसला. कपाटातली धूळ असावी.

कपाट उघडून बघितलं. अर्धवट फोडलेली शेवयांची पाकिटं, मसूर, बार्ली, ओट्स, रवा, मक्याच्या दाण्यांचा डबा. फ्रीझरमध्ये ओळख न पटलेले दोन पुडे. एवढं असताना ही पिशवी घेऊन दुकानात निघालेली!

नटबोल्टच्या कारखान्यात मी इतकी वर्षं स्टोअर्स सांभाळतोय ते उगाच नाही. आमचा नियम एकच. जे आधी आलं ते आधी जाणार. तोच आता घरी. दूध, पाव आणि ताजी भाजी सोडून काहीही विकत आणायचं नाही. फ्रिजमधल्या भाजीची रांग वेगळी.

संध्याकाळी एक शेवटची खरेदी केली. पाकातल्या अननसाचा डबा. लेक लहानपणी आजारी पडली की दुसरं काही खायची नाही. एक फोड तिला, एक मला, असं चालायचं. डबा आज आला म्हणून रांगेत सगळ्यात शेवटी. म्हणजे बरोबर निघायच्या आदल्या रात्री नंबर लागेल. प्लॅनिंग म्हणतात ते हेच.

दुकानदाराने आपणहून सवलत दिली. डब्याच्या बुडाला मोठं लाल स्टिकर लावून ठेवलंय बिचाऱ्याने. म्हणाला, लवकर संपवा. मी म्हटलं, नियमाने संपवू. माणसाची पारख असते एकेकाला.

२ मार्च
प्रत्येक वस्तूवर आवक तारखेची पट्टी चिकटवली. मसूर कधीचे म्हणून हिला विचारलं. म्हणाली, आपल्या लग्नाच्या आसपासचे असतील. तसंच लिहिलं. रेकॉर्डमध्ये थट्टा चालत नाही.

रात्री मसूर. दुपारभर शिजवूनही शिजले नाहीत. लेक म्हणाली की तुझ्या कारखान्यात हे पास होतील. कौतुकच म्हणायचं. तिघं एकत्र जेवलो. छान वाटलं.

५ मार्च
हिने आज ताज्या शेंगा आणल्या आणि लगेच चिरायला घेतल्या. वेळेवर पोचलो म्हणून ठीक. आधी आलेला कोबी फ्रिजमध्ये असताना शेंगांना हात कसा लागतो? समजावून सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली आणि शेंगा परत फ्रिजमध्ये टाकल्या. पटलं असावं.

८ मार्च
कोबी संपला. शेंगांचा नंबर लागला, तेव्हा त्या सुकून दोरीसारख्या झालेल्या. मधल्या काळात आलेला ताजा पालक रांगेत उभा आहे. लेकीचं म्हणणं असं की या घरात भाजीला आधी म्हातारं व्हावं लागतं, मगच ताटात जागा मिळते. ही खूप हसली. घरच्याच माणसांनी असं हसावं याचं वाईट वाटतं. परक्याचं काही वाटलं नसतं.

१० मार्च
कँटीनमध्ये एक ऑम्लेट खाल्लं. कारभार सांभाळणाऱ्याच्या अंगात ताकद हवी. शिवाय बाहेरचं खाणं घरच्या साठ्यात धरत नाहीत, त्यामुळे नियम कुठेही मोडलेला नाही. आमचा फिटर शेजारी येऊन बसला आणि विचारू लागला की घरी सगळं बरं आहे ना. मी म्हटलं, उत्तम. त्याने त्याच्यातला अर्धा पाव माझ्या ताटलीत ठेवला. असा भोचकपणा मला आवडत नाही. पाव खाल्ला.

१२ मार्च
लेक कपाटाशी उभी होती, अननसाचा डबा हातात. म्हणाली, बाबा, आज उघडूया का, एक फोड तुला, एक मला. क्षणभर पाघळलो होतो. पण शिस्त शिकवायची ती अशाच वेळी. म्हटलं, अजून नंबर लागलेला नाही. पुढे ओट्स आहेत, बार्ली आहे, रवा आहे, मका आहे. तिने डबा जागेवर ठेवला. समंजस पोर. माझ्यावर गेली आहे.

१५ मार्च
योजनेला भरघोस यश! आठवडाभर टेबलावर एकही तक्रार नाही. दोघी दोन घास खातात आणि पोट भरलं म्हणतात. कमी खायची सवय लागली की माणूस असा तृप्त होतो. मला उशीर होतो अलीकडे (ऑम्लेट सावकाश खातो), पण दोघी माझ्यासाठी थांबतात आणि हसतमुख असतात.

हिचा गुडघा दुखतो. त्याच्या व्यायामासाठी दोघी रोज संध्याकाळी समोरच्या नर्सबाईंकडे जातात. नर्सबाई रिटायर झालेल्या, एकट्या राहतात. एकट्या बाईच्या मानाने त्यांच्या दारातून कांदा परतल्याचा वास फार येतो. सांगायला हवं एकदा. साठ्याकडे लक्ष नाही त्यांचं.

१९ मार्च
ओट्स, भोपळा आणि फ्रीझरमधला पुडा नंबर एक, असं सूप केलं. पुड्यात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोघी म्हणाल्या, वेगळंच आहे. आनंद झाला.

एक गोष्ट खटकते. भाजी आणली त्या दिवशी फ्रिजमध्ये टवटवीत दिसते आणि दुसऱ्या दिवशी एकदम मलूल. फ्रिज जुना झाला बहुतेक. मेकॅनिकला दाखवायला हवा.

२१ मार्च
सगळं क्रमाने लिहितो.

कारखान्यात लाइट गेले, म्हणून लवकर सुटलो. घर बंद. किल्ली होती, पण गुडघ्याची चौकशी करावी म्हणून समोरची बेल वाजवली. दार लोटलेलंच होतं.

टेबल. टेबलाशी ही, लेक आणि नर्सबाई. मधे तळलेले बटाटे, अंडी, गरम पाव आणि हिरव्यागार शेंगा. काल आमच्याच फ्रिजमध्ये आलेल्या शेंगा! तिघी कशावर तरी पोट धरून हसत होत्या. गुडघा टेबलाखाली आरामात.

सगळं बाहेर आलं. आठ तारखेपासून हे चाललंय. आमच्याकडे आलेली ताजी भाजी त्याच संध्याकाळी समोर जायची, आणि माझा हिशोब चुकू नये म्हणून नर्सबाईंकडची सुकलेली भाजी माझ्या फ्रिजमध्ये यायची. मी रोज बघत होतो, मोजत होतो, ती माझी भाजी नव्हतीच. आमच्या लाइनमध्ये याला माल बदलणं म्हणतात आणि माणूस घरी जातो. इथे तर घरातच. अस्तनीतले निखारे, दुसरं काय! बरं, स्टोअर्सच्या माणसाला फसवायचं तर निदान दुसऱ्या कशात फसवायचं. स्टॉकमध्ये फसवलं. ते जास्त लागलं.

नर्सबाईंनी शांतपणे चौथी ताटली ठेवली आणि बसा म्हणाल्या. मी मागे वळलो. घरी येऊन परवाचं सूप उभ्याने प्यायलो.

लेक मागोमाग आली. वाटलं, माफी मागेल. दारातच उभी राहून म्हणाली, "बाबा, चौथी ताटली रोज असते तिथे. आल्या आल्या तुला सांगायचं असं आम्ही रोज ठरवायचो. तू यायचास शर्टाला ऑम्लेटचा वास घेऊन."

ऑम्लेटचा विषयच वेगळा. पण घरी कळलं कसं? फिटरचा संशय येतो.

२२ मार्च
अबोला धरला.

२३ मार्च
अबोला चालू. अजून कुणाच्या लक्षात आलेला दिसत नाही.

२५ मार्च
फिटरशी बोलणं तोडलं. तो म्हणाला की तुमच्या घरी मी कुणाला ओळखतसुद्धा नाही. गुन्हेगार असंच म्हणतो.

नर्सबाईंनी झाकून वाटी पाठवली. परत केली. परत करण्याआधी आत काय आहे ते बघणं भाग होतं. चव घेतल्याशिवाय माल परत पाठवता येत नाही. वाटी रिकामी परत गेली.

अननसाचा डबा पुसून ठेवला. पूर्वीपेक्षा गुबगुबीत वाटतो. गच्च भरलेला माल आहे. जगात एक दुकानदार तेवढा सच्चा निघाला.

२८ मार्च
आज लेकीची बॅग भरली गेली. घरभर कपडे. हिने रात्री विषय काढला की बास झालं आता, तो डबा उघडा, पोरीला जायचंय. मी म्हटलं, बार्ली, रवा आणि मका अजून पुढे आहेत. मी काही हौस म्हणून अडवून बसलेलो नाही. ज्यांनी माझ्या पाठीत सुरा खुपसला त्यांच्यासाठी मी तत्त्व सोडू? आणि तत्त्वच सोडलं तर या महिन्यात मी केलं काय? त्या दोघींनी महिनाभर एकत्र जेवून घेतलं. माझ्याकडे नियमच उरलाय.

झोप नाही. मग युक्ती सुचली. उद्या रजा टाकतो. बार्ली, रवा, मका एकाच पातेल्यात शिजवून एका बैठकीत संपवायचं. रांग साफ. रात्री डबा उघडायचा. एक फोड तिला, एक मला. सगळ्यांना माफ करीन.

२९ मार्च
पातेलं मोठं घेतलं. बार्ली फुगते हे कुणी सांगितलं नव्हतं. रवाही फुगतो. दुपारी दुसरं पातेलं घ्यावं लागलं.

रात्री तिघं टेबलाशी बसलो. किती दिवसांनी! लेकीने तीन वाट्या खाल्ल्या. माझ्याकडे बघत बघत खाल्ल्या. चौथीला तिला उचकी लागली आणि हिने वाटी तिच्या हातातून काढून घेतली. मी सहा खाल्ल्या. पहिलं पातेलं संपलं. दुसरं तसंच.

शिल्लक माल असताना पुढचा काढता येत नाही. लेक म्हणाली, जाऊ दे बाबा. मला कपाटाशी जायचं होतं. उठता येईना.

३० मार्च
पहाटेपासून दुसऱ्या पातेल्याला भिडलो. गाडीची वेळ झाली तेव्हा तळाशी दोन डाव राहिले होते.

अननसाचा डबा पिशवीत घालून स्टँडवर नेला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. नर्सबाईंनी लेकीला वाटेत खायला डबा बांधून दिला होता, तो तिच्या मांडीवर. माझा माझ्या पिशवीत. देऊन टाकावा असं फार वाटलं. पण दोन डाव शिल्लक होते.

तिने खिडकीतून हात बाहेर काढून माझी बाही धरली. म्हणाली, "नंबर लागला की फोन कर. मी तिकडे एक डबा आणून ठेवते. एकदमच उघडू."

गाडी गेली. चांगली शिकली पोर. मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो, कारण पायात गोळा आला होता.

३१ मार्च
सकाळी दोन डाव संपवले. अननसाचा नंबर लागला.

संध्याकाळी डबा टेबलावर घेतला. दोन वाट्या मांडल्या. रेकॉर्डसाठी बुडाचं लाल स्टिकर सोलून काढलं. खाली कंपनीने छापलेली तारीख होती. या तारखेपर्यंत संपवा. १५ मार्च.

हिने माझ्या खांद्यावरून वाचलं. डब्याचं झाकण बोटाने दाबलं. ते टक् करून आत गेलं आणि परत वर आलं. म्हणाली, "म्हणजे तुमच्या रांगेत पहिला नंबर याचाच होता."

नटबोल्टला शेवटची तारीख नसते. माझ्या उभ्या नोकरीत मी आवकेची तारीख सोडून दुसरी तारीख बघितलेली नाही. हे कुणीतरी सांगायला नको? दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला की मी त्याच दिवशी सांगितलं होतं, लवकर संपवा. तोही फितूर.

डबा बाहेर टाकून परत आलो तर फोन वाजत होता. लेक. म्हणाली, मीच केला, आज लागणार होता ना नंबर? हॉस्टेलवर एकटीच आहे. डबा उघडून बसले आहे. तू उघडलास?

मी म्हटलं, हो, उघडला.

मग ती म्हणाली, एक तुला, एक मला. तिकडून चमच्याचा आवाज आला. मी रिकाम्या वाटीत चमचा वाजवला. ती थांबायची, मी वाजवायचो. बराच वेळ चाललं. गोड आहे ना, असं तिने विचारलं. खूप, मी म्हटलं.

ही दारात उभी होती. समोर गेली आणि नर्सबाईंकडून झाकलेली ताटली घेऊन आली. माझ्यापुढे ठेवली. खाल्लं. कधीचं आहे ते विचारलं नाही.