दगडाला पांघरलेली शाल

४ ऑक्टोबर, संध्याकाळ

पोचलो एकदाचे! लेकीने हट्टाने पाठवलं म्हणून, नाहीतर आम्ही दोघं कुठली सहल करतोय? माझा जन्म शिलाई मशीनवर गेला आणि हिचा माझ्या शेजारी बसून काजं-बटणं करण्यात. शाळा फारशी पाहिली नाही, पण रद्दीत आलेलं पुस्तक कधी न वाचता सोडलं नाही. त्यातल्याच एकात या दगडांचं चित्र होतं. माणसाला अक्षर ठाऊक नव्हतं त्या काळी कुणीतरी हे दगड ओढत आणून माळावर गोल उभे केले. कशासाठी, ते आजही कुणाला सांगता येत नाही. ही म्हणाली, वाळत घातले असतील आणि उचलायचे राहिले असतील.

खोली झकास आहे. जाड पांघरुणं, खिडकीत लिहायला टेबल, समोर माळ आणि माळाच्या टोकाला ते दगड. दुरून वाटतं, चार माणसं गप्पा मारत उभी होती आणि आपल्याला बघून गप्प झाली. घरमालकीण चहा घेऊन आली तर हिने तिला बसवूनच घेतलं. दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची यथास्थित विचारपूस केली.

५ ऑक्टोबर

आज दगड पाहिले. भोवती दोर बांधलाय, आत जायची मनाई. माहिती सांगणारा पोरगेला माणूस छत्री उंच धरून पुढे, आम्ही सगळे मेंढरांसारखे मागे.

ही मागे रेंगाळली. एक दगड बाकीच्यांपासून जरा बाजूला, माणसाएवढा, किंचित वाकलेला. हिला त्याची दया आली. म्हणे, बघा हो, नव्या सुनेसारखं कोपऱ्यात उभं आहे बिचारं, कुणी विचारत नाही. छत्रीवाल्याचा डोळा चुकवून बाई दोराखालून आत! अंगावरची शाल काढून दगडाला पांघरली आणि मला म्हणाली, काढा आमच्या दोघींचा फोटो. काढला. निघताना शाल उचलली आणि सवयीने दगडालाच म्हणाली, येते हं, या एकदा आमच्याकडे. ही बसच्या कंडक्टरलाही असंच म्हणते, दात उपटणाऱ्या डॉक्टरलाही म्हणाली होती. परत येईपर्यंत आम्ही हसत होतो. मी म्हटलं, पाहुणी आली तर पलंग मोडेल, खर्च तुझ्याकडून.

६ ऑक्टोबर

हिला बरं नाहीसं वाटतंय. ताप नाही, उलट अंग गारठलेलं. आणि बोलत नाही. ही! झोपेतसुद्धा जिचं तोंड बंद नसतं ती सकाळपासून खिडकीशी गप्प बसून आहे. चहावर साय धरली तरी हात लावला नाही.

दुपारी शाल नीट करायला गेलो आणि हात थबकला. हिचा डावा खांदा मुळातच उजव्यापेक्षा बोटभर उतरलेला. लग्नापासून हिचे कपडे मीच बेततो, डावी बाजू नेहमी खाली धरून. आमच्या दोघांशिवाय कुणाला ते कळलंही नसेल. आज दोन्ही खांदे सरळ. पट्टी ठेवून रेघ मारावी तसे.

उजेडाचा खेळ असेल म्हणून खिशातली टेप काढली. सरळच. आणि माप घेताना हिला गुदगुल्या होतात, आयुष्यभर झाल्या, आरडाओरडा करते. आज नुसती बघत राहिली.

७ ऑक्टोबर

रात्रभर खुर्चीत बसलो. सकाळी खाली जाऊन मालकीणबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं हसतील. त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली आणि एकच विचारलं, त्यातल्या कुणाला घरी बोलावलंत का?

मी शालीचं सांगितलं. येण्याचं आमंत्रण दिल्याचंही.

त्या म्हणाल्या, दोर दगडांच्या रक्षणासाठी नाही. बोलावलं की ते येतात. पण जागा रिकामी राहत नाही, कुणीतरी उभं राहावं लागतं.

मग माझी बायको कुठे आहे, मी विचारलं. त्यांनी तोंड नळाकडे वळवलं. म्हणाल्या, उद्या दुपारची बस आहे, जी वर बसलीय तिलाच घेऊन जा आणि संसार करा. लोक करतात.

लोक करतात!

८ ऑक्टोबर, सकाळी

उजाडताच माळावर गेलो. दोराखालून आत.

तोच दगड. पण वाकलेला नाही. ताठ उभा, आणि डावी बाजू बोटभर उतरलेली.

मानेशी टेप लावली, जशी नेहमी लावतो. दगड थरथरला. आतल्या आत. गुदगुल्या झाल्यासारखा.



त्याच दिवशी, नंतर

खोलीवर आलो तर तिने बॅग भरलीय. माझे सदरे घड्या घालून. पहिल्यांदाच बोलली. आवाज अगदी हिचा. लेकीकडे जाऊ या म्हणते. लेकीचं तान्हं मांडीवर घ्यायचंय म्हणते.

बाहेर जाऊन लेकीला फोन केला. ती खुशीत. आई आत्ताच बोलली म्हणे, आणि आज पहिल्यांदा तिने मला वाक्य पुरं करू दिलं, बाबा. मी सांगायला गेलो, ती तुझी आई नाही. लेक हसली. म्हणाली, पुन्हा भांडलात ना?

दुपार

ती बसमध्ये जाऊन बसली. माझ्यासाठी जागा धरून. मी चढलो नाही. बस सुटली. काचेतून हात हलवत होती —

लेक. तान्हं. माझं कुणी ऐकणार नाही. आईचं ऐकतील. खऱ्या आईचं —

माळावर

जागा रिकामी राहत नाही. मग मी आहे की.

हिला घट्ट धरून उभा आहे. वही हिच्याच खांद्यावर टेकवलीय. गार, फार गार. पाय उचलत नाहीत. उचलायचेही नाहीत.

खांदा कोमट लागतोय —

बोटं वळत नाहीत. अक्षर —

हलली. हलली ती! "अहो" म्हणाली. रडतेय. माझा हात ओढतेय, वेडी. सांगितलं, पुढची बस गाठ, धाव, तान्ह्याला तिच्या हातात जाऊ देऊ नको — माझ्याकडे बघत बसू नको. तू हो पुढे, मी आ