नको म्हटलं तरी

आई, पाया पडते. तृप्ती, आईला सगळं वाचून दाखव, मधलं गाळू नको.

मी नाशकात मजेत आहे. जिथं वाढायला असते ते हॉटेल लय भारी आहे, छताला झाडं टांगलीत. आपली नागलीची भाकरी इथं तळहाताएवढी करतात आणि लाकडी ताटात सजवून देतात. माणसं आधी तिचे फोटो काढत बसतात, मग गार झाली म्हणून मलाच बोलतात. काहीजण मात्र बोटं चाटून खातात.

बाबांचा खोकला कसा आहे? नागली कापायला माणसं मिळाली का?

काल माझं चुकलं. एका काकांचं ताट रिकामं दिसलं, तर मी न विचारता दुसरी भाकरी वाढली. आपल्याकडे रिकाम्या ताटावर कोणाला बसू देतात का? काका चिडले, "मी मागवली होती का?" मॅनेजरही सगळ्यांसमोर ओरडला. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "इकडे आण पोरी, मला वाढ." त्यांनी आवडीनं खाल्ली.

पण तेव्हापासून जीव एका जागी ठरत नाही. उभी असले की बसावंसं वाटतं, बसले की उठावंसं. तू काळजी करू नको, जेवण चांगलं असतं. आपापलं घ्यायचं आणि उभ्यानंच खायचं. आणखी घे, असं कोणी म्हणत नाही.

दिवाळीला येते. मी पोट भरलं म्हणेन. तू ऐकू नको, वाढ.

तुझी रोशनी