पुसलेलं पुस्तक

शारजा,
रविवार

प्रिय केरू,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोनवर आपण महिन्या-दोन महिन्यांनी बोलतोच. गावचं पाऊसपाणी, सगुणावहिनींचे गुडघे, माझी शुगर, आणि मग यल्ला, ठेवतो, खलास. पण नऊ वर्षांत एक गोष्ट त्या फोनवर मला बोलता आली नाही. तुझे आभार मानायचे राहून गेलेत. बोलायला गेलो की तू "जाऊ दे रे रफिकभाय" म्हणतोस आणि गाडी काजूच्या मोहोरावर नेतोस. खरं सांगू, तू नेलीस की मला बरंच वाटायचं. कागदाला विषय बदलता येत नाही, म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

आधी बातमी सांगतो. आपल्या सुमैय्याला चेक देशातल्या ब्रनो गावच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीही मिळाली. विषय काय, तर तत्त्वज्ञान आणि धर्म. माझ्या मेहुणीने लगेच फोन करून विचारलं, "त्यात नोकरी कसली लागते?" मी म्हटलं, इन्शाल्ला, कसली तरी लागेल. हाफिजा दोन दिवस त्या गावची थंडी फोनवर बघत होती, तिसऱ्या दिवशी थंडीचे कपडे शोधायला निघाली, तेव्हा कळलं की आईची परवानगी मिळाली. अठरा वर्षांची झाली रे पोरगी. तू आमच्या सोबत कामाला होतास तेव्हा ती तुझ्या पाठीवर बसून वर्कशॉपभर फिरायची आणि तू तिच्याशी मराठीत बोलायचास, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि तरी दोघांचं भांडण अगदी व्यवस्थित चालायचं.

ही बातमी तुला देताना आनंद आहेच, पण लाजही आहे. कारण पोरीला हा रस्ता ज्या दिवसाने दाखवला, तो दिवस तू माझ्यासाठी विकत घेतला होतास. तो गुरुवार तुला पाठ असेल. तरी मी लिहिणार आहे, कारण माझ्या तोंडून तो कधी कुणी ऐकलेला नाही.

दुबईत अल क्वोजच्या आपल्या फ्रेमच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी गॅलरीची चाळीस चित्रं होती, दुसऱ्या दिवशी लावायची. शौकतशेठ दर पाच मिनिटांनी डोकावून "यल्ला हबीबी, यल्ला" करत होते. त्या चाळिसांच्या सोबत गॅलरीनेच एका चेक बाईंचं जुनं चित्र पाठवलं होतं, लाकडी चौकट मोडली म्हणून. तू ते चौकटीतून अलगद काढलंस, टेबलावर ब्राऊन पेपर टाकून उलटं ठेवलंस आणि पुठ्ठा आणायला मागे गेलास. आता आपल्याला काय ठाऊक की त्यांच्या खेड्यांतून चित्रं कागदावर नसतात, काचेच्या पाठीवर असतात? आधी डोळे आणि ओठ काढायचे, मग चेहऱ्याचा रंग, मग कपडे, सगळ्यात शेवटी मागचं आकाश. काच उलटली की चित्र सरळ दिसतं. मागून पाहिलं तर काजळी धरलेली जुनी काच. आणि फ्रेमवाल्याच्या हाताला काच लागली की आधी ती पुसली जाते, डोकं त्याच्या मागून येतं. एकदा स्प्रे, एकदा फडकं. फडक्याला पांढरा रंग लागला, थोडा लाल लागला, तेव्हा माझा हात थांबला.

काच उलटून पाहिली. एक आई बसलेली, गुडघ्याशी लहान मुलगी, आईचं बोट खाली काहीतरी दाखवतंय. जिथे दाखवतंय तिथे काहीच नव्हतं. स्वच्छ काच, आणि तिच्यातून माझ्या शर्टाची बटणं. नंतर कळलं की तिथे पुस्तक होतं. बीबी मरियम, म्हणजे येशूची आई, लहान असताना तिची आई तिला वाचायला शिकवते आहे, असं ते चित्र. त्यांच्याकडे असली चित्रं पूर्वी घराघरांत असायची म्हणे.

तू पुठ्ठा घेऊन आलास, एकदा चित्राकडे पाहिलंस, एकदा माझ्याकडे, आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलंस. त्याच क्षणी शौकतशेठ आणि गॅलरीची मॅनेजर बाई आत आले. ती काय म्हणाली ते तुलाही आठवत असेल. तिने चित्र पाहिलं, माझी दाढी पाहिली, छातीवरचं नाव वाचलं आणि हळूच विचारलं, हे मुद्दाम तर केलं नाही ना? धर्माचं चित्र आहे म्हणून? एका फडक्याच्या फटक्याचा एवढा मोठा अर्थ निघू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. अरे, बीबी मरियमचं नाव आमच्या घरात वजू करून, हातपाय धुऊन घेतात. पण मी तिच्या बुटांकडे बघत राहिलो. तूच बोललास. "साब, मुझसे हुआ। मैंने पोंछा।" त्यानंतर मला बोलायला वेळ होता केरू. सावकाश दहा म्हणता येतील इतका वेळ होता. मी बोललो नाही.

शेठनी तुला तिथल्या तिथे कामावरून काढलं. संध्याकाळी तू बॅग भरताना मी तुझ्या खोलीच्या दारात उभा होतो. तू म्हणालास, "तुझा व्हिसा गेला तर हाफिजाभाभी, पोरगी, शाळा, सगळं उचलून जायला लागेल. माझी काय, एक बॅग." जणू काही बॅग लहान असली की माणसाचा अपमानही लहान होतो. मग तू उम्म अल कुवैनच्या त्या होड्यांच्या कारखान्यात लागलास, गावी परतेपर्यंत तीन वर्षं फायबरची खाज अंगावर घेऊन काम केलंस, आणि ईदला भेटायला यायचास तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यायचास. हात दिसू नयेत म्हणून. मला ते दिसत होतं. मी तुला बिर्याणी वाढत होतो.

आता यित्काबाईंचं सांगतो, ज्यांचं ते चित्र. तू गेलास त्यानंतर दोन दिवसांनी शौकतशेठनी मला नवी चौकट घालून चित्र पोचवायला पाठवलं. शाळेला सुटी म्हणून सुमैय्या व्हॅनमध्ये सोबत होती. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये बाई मुलाकडे राहत होत्या. सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या, निवृत्त शिक्षिका. मी मान खाली घालून सॉरी म्हटलं. त्यांनी चित्र खुर्चीवर ठेवलं आणि माझ्याशी नाही, सुमैय्याशी बोलल्या: ही आई काय शिकवते आहे, सांग बघू? नऊ वर्षांची पोर म्हणाली, "She is showing her nothing." बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग म्हणाल्या, हिला दर शनिवारी माझ्याकडे पाठव.

त्या हसण्याचं कारण मला हळूहळू कळलं. बाई लहान होत्या तेव्हा त्यांच्या देशात सरकारने ठरवून दिलेला एकच अर्थ शिकवायचा हुकूम होता, जगाचा आणि देवाचाही. त्यांचे वडील तत्त्वज्ञानाचे मास्तर. ऐकेनात, म्हणून नोकरीवरून काढले. ते एका इस्पितळाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायला लागले. मग लोक त्यांच्या घरी शिकायला यायचे, एकेक करून, आणि चपला-बूट दाराबाहेर न ठेवता हातात घेऊन आत यायचे, शेजाऱ्यांनी मोजू नयेत म्हणून. त्यात देव मानणारे होते, न मानणारे होते. नियम एकच: दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते असं मांडून दाखवायचं, की तो म्हणाला पाहिजे, हो, हेच मला म्हणायचं होतं. त्यांची पुस्तकं तीनदा जप्त झाली. शिकवणी चालूच राहिली. म्हणून बाईंनी ते चित्र दुरुस्त करू दिलं नाही. म्हणाल्या, बिनपुस्तकाची आई हीच आमच्या घराची खरी आई आहे.

मी काय, घाबरलो होतो. बाई स्वतः देव मानत नव्हत्या, तसं सरळ सांगायच्या. आपली पोर हातची जाईल असं वाटायचं. पण झालं उलटंच. सुमैय्या घरी येऊन हाफिजाला कुराणातल्या आयतींचे अर्थ विचारायला लागली, आणि मग हाफिजाही तफसीर, म्हणजे कुराणाचा अर्थ सांगणारं पुस्तक, काढून वाचायला बसली. एकदा हाफिजा स्वतः बाईंकडे गेली. चित्र पाहून म्हणाली, अहो, ती तर मुलीला तांदूळ निवडायला शिकवतेय, खडा कसा ओळखायचा ते दाखवतेय. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, चाळीस वर्षं मी, आधी घरी लपून आणि मग उघडपणे, धर्मग्रंथ कसे वाचायचे ते शिकवलं, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही. हाफिजा आठवडाभर जमिनीवर नव्हती.

हे सगळं तुझ्यामुळे मिळालं केरू. तू त्या दिवशी गप्प राहिला असतास तर आम्ही महिन्याभरात दापोलीला परतलो असतो, आणि पोरीने यित्काबाई पाहिल्या नसत्या. नमाज झाल्यावर दुआसाठी मी हात पसरतो तेव्हा माझ्या माणसांत तुझं नाव असतं. तुला चालतं ना? न चालून सांगतोस कुणाला.

पण माझं एक पाप त्यात मिसळलेलं आहे. त्या पहिल्याच दिवशी बाईंनी मला विचारलं होतं, हे कुणी पुसलं? पोर शेजारी उभी होती. मी म्हणालो, केरू नावाचा माणूस होता, तो आता आमच्याकडे कामाला नाही. शेठपुढे गप्प राहिलो ती भीती होती. इथे मला कुणाची भीती नव्हती, तरी मी खोटं बोललो. तेव्हापासून आमच्या घरात ते चित्र म्हणजे केरूकाकांनी पुसलेलं पुस्तक. बाई तीन वर्षांपूर्वी मायदेशी परतल्या, तेव्हा विमानतळावर माझा हात धरून म्हणाल्या, त्या पुसणाऱ्याला माझा नमस्कार सांग. मी म्हटलं, सांगतो. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. त्यांना खरं सांगायची माझी संधी गेली.

आणि आता सुमैय्याने प्रवेशासाठी जो निबंध लिहिला, त्याची सुरुवातच तुझ्यापासून आहे. केरू नावाच्या एका कामगाराने चुकून एक पुस्तक पुसलं आणि त्यामुळे मी वाचायला शिकले, असं. मला वाचून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. मग ती कौतुकाने सांगायला लागली, अब्बा, त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या झेंड्यावर सत्याचा विजय होतो असं लिहिलंय, आपल्या नोटेवर असतं तसंच. मी एसीचा रिमोट शोधायला उठलो. इतकी वर्षं अर्थ लावायला शिकलेली पोर, आणि तिच्या पायाखालची पहिलीच वीट बापाने खोटी घातलेली. तिला समोर बसवून सांगायचं मी चार वेळा ठरवलं. चारही वेळा चहा मागवला आणि भलतंच बोललो. तू मला ओळखतोस, मी असाच आहे.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते पोस्टात न टाकता तिच्या हाती देतो आहे. ब्रनोला जाण्याआधी ती आजीला भेटायला दापोलीला येते आहे. तिला सांगितलंय की केरूकाकांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांच्या ओटीवर बसून तूच मोठ्याने वाचून दाखव. शाळेतल्या हिंदीमुळे तिला वाचता येईल, अडखळली तर सांभाळून घे. पाकीट मी चिकटवून देणार आहे. म्हणजे हे सगळं ती आत्ताच, तुझ्यासमोर, पहिल्यांदा वाचते आहे. सुमैय्या, बेटा, निबंधातलं नाव चुकलं आहे. फडकं माझ्या हातात होतं. ते काढून घेणारा माणूस तुझ्यासमोर बसला आहे. निबंध बदलायचा की नाही ते तू ठरव. मला फोन करायचा की नाही तेही तूच ठरव. आणि केरू, तिला जेवल्याशिवाय सोडू नकोस. ती माझ्याबद्दल काही विचारेल. या खेपेला मला वाचवू नकोस.

आयुष्यभर तुझाच,
रफिक